वेगळ्या वस्त्यांचा धडा: आधी गोष्ट की आधी कागद?

कोण कुठे राहतं आणि तिथेच का राहतं, हा विषय नववी-दहावीला घ्यायचा म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. एक मराठीच्या तासाचा. कथा, आत्मकथनातलं प्रकरण किंवा नाटकातला प्रवेश वाचायचा आणि मग इतिहासाकडे वळायचं. दुसरा इतिहासाच्या तासाचा. नकाशा, गॅझेटियरचं म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचं पान, कायद्याचं कलम, कोर्टाचा निकाल आधी फळ्यावर आणायचा आणि गोष्ट मागाहून द्यायची. पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गांवर मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्ही विषय माझ्याकडेच असल्यामुळे क्रम बदलून बघणं सोपं गेलं. जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना ज्यांना या दोहोंत निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोष्ट आणि कागद दोन्ही हवेतच, हे धरूनच चालतो. प्रश्न सुरुवात कशाने करायची एवढाच आहे, पण पुढचं बरंच काही त्या सुरुवातीवर ठरतं असा माझा अनुभव आहे.

गोष्टीची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. या विषयावर मराठीत जे लिहिलं गेलं आहे ते मिळवायला शिक्षकाला शाळेच्या वाचनालयापलीकडे फारसं जावं लागत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत रेल्वेतली नवी नोकरी आहे, परगावात राहायला जागा मिळवणं आहे, आणि जात कळल्यावरची मारहाण आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावचा महारवाडा आहे आणि मुंबईतली कावाखाना ही वस्तीही आहे. मोठ्याने वाचलं की वर्ग शांत होतो आणि ती शांतता खरी असते. एरवी पाठ्यपुस्तकही न उघडणारी मुलं तास संपल्यावर ‘सर, पुढे काय झालं?’ म्हणत स्टाफरूमच्या दारापर्यंत येतात. कागदाने हे होत नाही, हे मान्य करायलाच हवं.

तरीही मी गोष्टीने सुरुवात करणं सोडलं ते एका कारणामुळे. बाहेरच्या माणसाला ते किरकोळ वाटेल. कथेत जातीचं नाव आलं की वर्गात माना वळतात. सगळ्यांच्या वळत नाहीत आणि वाईट हेतूने तर मुळीच नाही, पण चार-पाच मुलं नकळत एका ठरावीक बाकाकडे बघतात. आडनावं हजेरीमुळे सगळ्यांना पाठ असतात, कोण कुठल्या वस्तीतून येतं हेही ठाऊक असतं. त्या बाकावरचं मूल पुस्तकात डोकं घालतं, नाहीतर उगीच दप्तर उघडून काहीतरी शोधायला लागतं. कथेत जे चाललं आहे त्याचा पुरावा म्हणून वर्गाने त्याला उभं केलेलं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. मी वाचनाची पद्धत बदलून पाहिली, तो परिच्छेद घरी वाचायला देऊन पाहिला, बाकांची रचना बदलून पाहिली. वळायच्या त्या माना वळल्याच. चाळीस मिनिटांच्या तासात हे एकदा घडलं की उरलेला तास त्या एका मुलाच्या जिवावर चालतो. त्याने घरी जाऊन काय सांगितलं असेल, हा विचार मला संध्याकाळपर्यंत सोडत नसे.

त्याला जोडूनच उत्तरपत्रिकांचं. गोष्टीने सुरुवात केली की घटक चाचणीत उत्तरं कळवळ्याची येतात. ‘त्यांना गावाबाहेर राहावं लागलं’, ‘त्यांना खूप हाल सोसावे लागले.’ वाक्यं खरी आहेत, गुण द्यावेच लागतात. पण कुणी राहायला लावलं, कुठल्या नियमाने, त्यात कुणाचा फायदा होता, यातलं काही त्या उत्तरात नसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दुःख कळतं. ते दुःख कुणाच्या तरी निर्णयातून आलं हे त्याला दाखवावं लागतं.

आता कागदाचा रस्ता. मी अमेरिकेपासून सुरुवात करतो. तिथला कागद फार स्पष्ट आहे, आणि तो वाचताना वर्गातल्या कुठल्याच बाकाकडे बघायचं कारण उरत नाही. १९३३ मध्ये तिथे सरकारने घरकर्जासाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढली. या संस्थेने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले. हिरवा, निळा, पिवळा, लाल असे चार रंग, आणि लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा भाग. प्रत्येक भागासोबत एक छापील फॉर्म असे. त्यात घरांचं वय, बांधकाम यांच्या जोडीला तिथे कृष्णवर्णीय किती टक्के आहेत आणि नवीन कुठले लोक शिरत आहेत, यांसाठी वेगळे रकाने होते. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. संगणक कक्षात प्रोजेक्टरवर शिकागो उघडलं की मुलं स्वतःच विचारतात, हे रकाने भरायला कोण जात होतं? मला हाच प्रश्न हवा असतो. गोष्टीनंतर तो क्वचित येतो.

इथे एक सावधगिरी बाळगावी. सगळं त्या नकाशांनीच केलं असं सांगू नये. या संस्थेने आपली बहुतेक कर्जं नकाशे होण्याआधीच दिली होती. १९३४ पासून घरकर्जांना सरकारी हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने हीच दृष्टी नियम म्हणून राबवली, आणि जास्त नुकसान तिने केलं असं अनेक अभ्यासक मानतात. दहावीच्या मुलांना हा फरक झेपतो. इतिहासलेखन हा त्यांच्या पुस्तकातला पहिलाच विषय आहे, त्यामुळे तो सांगायला निमित्तही मिळतं.

नकाशा दोन तास पचला की मग नाटक काढतो. लोरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’, १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं. शिकागोतलं यंगर कुटुंब विम्याच्या पैशांतून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतं आणि लिंडनर नावाचे गृहस्थ त्यांना भेटायला येतात. घर आम्हीच जास्त पैसे देऊन परत घेतो, तुम्ही येऊ नका, असा त्यांचा प्रस्ताव. एवढ्या प्रवेशाचा सोपा अनुवाद मी स्वतः करून झेरॉक्स वाटतो. लिंडनर आवाज चढवत नाहीत, शिवी देत नाहीत, सारखं समजुतीनेच बोलतात. वर्गात त्यांची भूमिका वाचणाऱ्या एका मुलीने मध्येच थांबून म्हटलं होतं, ‘सर, हे तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतात तसंच बोलतायत.’ त्या दिवशी माना वळल्या त्या एकमेकांकडे, आणि बघणाऱ्यांत सोसायट्यांत राहणारी मुलं जास्त होती. माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं.

नाटकामागचा कागद पुन्हा आहेच. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ मध्ये अशाच वस्तीत घर घेतलं होतं, इथली घरं कृष्णवर्णीयांना द्यायची नाहीत या घरमालकांच्या आपसातल्या करारावर बोट ठेवून शेजाऱ्यांनी खटला भरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९४० चा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयं अंमलात आणणार नाहीत, हे १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरलं, आणि घर विकताना-भाड्याने देताना भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ मध्ये झाला.

मग आपल्याकडे यायचं, आणि आपल्याकडेही आधी कागदानेच. मी दोन कागद शेजारी ठेवतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही भागात राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला अडवणं हा १९५५ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. याच कायद्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. दुसरा कागद २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी केला होता आणि न्यायालयाने तो ग्राह्य धरला. दोन्ही कागद एकाच देशातले आहेत म्हटल्यावर वर्गात जो वाद होतो तो मी थांबवत नाही. लहान समाजाने एकत्र राहायचं म्हटलं तर चूक काय, असं म्हणणारी मुलंही असतात आणि त्यांचं ऐकून घ्यावं. १९४८ आणि २००५ यांची तुलना मुलं आपणहून करतात.

पुण्याचा कागद म्हणजे १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर. त्याच्या तिसऱ्या भागात शहराचं पेठनिहाय वर्णन आहे. पेठ कुणी वसवली, वाडे-देवळं कुठली आणि तिथे कुठल्या लोकांची वस्ती, हे सगळं. मूळ इंग्रजी आहे, म्हणून आपल्या शाळेजवळच्या पेठेचा परिच्छेद मराठीत करून फळ्यावर लिहावा लागतो. १८१७ नंतर इंग्रजांनी शहराला लागून छावणी उभारली आणि ‘गावात’ आणि ‘कॅम्पात’ असे दोन शब्द आपल्या बोलण्यात आले, तेही इथेच सांगून होतं. पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१) मात्र मी मुलांवर सोपवतो. घरी आजी-आजोबांना विचारायचं: पुरानंतर तुम्ही कुठे गेलात, जागा कुणी दिली, शेजार कसा ठरला? गोखलेनगर, लोकमान्यनगर अशी नावं त्या वह्यांत येतात, आणि शहर नव्याने वसतानाही कोण कुणाशेजारी आलं याची नोंद आपोआप तयार होते.

या रस्त्याच्या अडचणी लपवण्यासारख्या नाहीत. पहिला तास कोरडा जातो आणि मागचे बाक हातातून सुटतात. अनुवादाची मेहनत सगळी शिक्षकाची. एखाद्या वर्गात अमेरिका संपली की विषयच संपला असं मुलांना वाटतं, ‘तिकडे असं होतं’ एवढंच लक्षात राहतं. म्हणून अमेरिकेला तीन तासांपेक्षा जास्त देऊ नयेत असं मी सुचवेन.

पण कागद आधी झाल्यावर तीच गोष्ट किती वेगळी वाचली जाते, ते बघण्यासारखं आहे. बडोद्यातल्या नोकरीच्या वेळी डॉ. आंबेडकरांना कुठेच जागा मिळेना, म्हणून ते पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. गोष्टीने सुरुवात केली होती तेव्हा मुलांच्या मनात काठ्या राहायच्या. कागदानंतर ती त्या दोन मित्रांवर थांबतात ज्यांच्याकडे आंबेडकर आसरा मागायला गेले. एकाने नोकर सोडून जातील म्हटलं, दुसऱ्याने बायको येऊ दे, तिला विचारतो म्हटलं. दोघांनीही सभ्यपणे नकार दिला. लिंडनर वाचलेल्या वर्गाला ते दोघे लगेच ओळखू येतात.

पालकांकडून ‘वर्गात जात कशाला काढता’ असा प्रश्न येतो तेव्हाही कागद उपयोगी पडतो. गॅझेटियरचं पान आणि १९५५ चं कलम समोर ठेवलं की बोलणं मुद्द्यावर राहतं. कथेच्या बाबतीत मला हे इतकं सोपं गेलेलं नाही.

मुलांना आपल्या इमारतीतल्या आडनावांचं सर्वेक्षण करायला मात्र कधीही सांगू नये, प्रकल्प कितीही चांगला दिसला तरी. माना वळण्याचा प्रकार मग घराच्या दारापर्यंत जातो. त्याऐवजी भाड्याच्या जागांच्या जाहिराती आणि दारावरच्या पाट्या गोळा कराव्यात. ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ ही एक ओळ घेऊन तिने कोण-कोण वगळलं जातं याची यादी गटात करायला दिली, तर तासभर पुरते.

एका परिस्थितीत मी माझ्या मताविरुद्ध सल्ला देईन. वर्गातली बहुतेक मुलं एकाच वस्तीतून येणारी असतील, तर गोष्टीनेच सुरुवात करा. तिथे वळायला वेगळा बाक नसतो, आणि आपलं जगणं छापलेलं बघण्याचं मोल तिथे फार मोठं आहे. महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव असाच आहे आणि मला तो पटतो. संमिश्र वर्गात, जिथे दोन-तीनच मुलांवर ओझं पडेल, तिथे मी कागदच आधी घेईन.

आणि नियोजनात दोनच तासिका मिळत असतील, तर अमेरिका सोडून द्या. पहिल्या तासाला गॅझेटियरचा परिच्छेद आणि १९५५ चं कलम घ्या. दुसऱ्या तासाला मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध पूर्ण वाचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मुलीने तो लिहिला आणि १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. आम्हाला हाकून देऊन मोठमोठ्या इमारती कुणी बांधल्या आणि त्या इमारतींच्या पायात कुणाला पुरलं, हे ती सरळ सांगते. गुलटेकडीच्या मैदानाचा उल्लेख आला की मुलं मार्केट यार्डाची जागा ओळखतात. सोसणारा आणि करणारा, दोघेही तिच्या एकाच वाक्यात असतात. चाचणीला प्रश्नही तोच ठेवा: या निबंधात कुणी काय केलं असं लेखिका म्हणते? उत्तरात कर्ता लिहिला नसेल, तर गुण कापायला हरकत नाही.