सुनावणी कशी घ्यायची: हॉलमध्ये एकच सभा की प्रत्येकाला वेगळी वेळ?

विकास आराखड्यावर, म्हणजे गावात कुठल्या जागेतून रस्ता जाणार, कुठे काय होणार त्या नकाशावर, हरकती आल्यात, आता सुनावणी लावायचीय, आणि तुमच्या नगरपंचायतीत वाद चाललाय की मंगल कार्यालयात एकाच दिवशी सगळ्यांना बोलवायचं की नंबर लावून एकेकाला केबिनमध्ये ऐकायचं. आमच्या कोकण किनाऱ्यावर दोन्ही प्रकार झालेत आणि मी दोन्हीला बसलोय म्हणून लिहितोय.

पर्यावरण परवानगीची जनसुनावणी असेल तर चॉइसच नाही, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती खुलीच, ३० दिवस आधी नोटीस, समोर जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी, आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. एमआरटीपीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखालच्या, आराखड्याचं वेगळं आहे, तिथे ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्याचं म्हणणं नियोजन समितीने ऐकायचंच, पण ऐकायचं कसं ते बरंचसं समितीच्या हातात.

मोठ्या सभेत सगळं सगळ्यांसमोर होतं, कोण काय बोललं ते वाडीत संध्याकाळी कळतं, ही मोठीच गोष्ट. पण माइक! आमच्याकडे पहिले दोन तास चार पुढाऱ्यांनीच खाल्ले, ज्यांची स्वतःची हरकतसुद्धा नव्हती. मागे भिंतीला टेकून एक काकी सकाळपासून बसलेल्या, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर धरलेला. साडेचारला त्यांची वस्तीची एसटी, नंबर काही आला नाही, उठून गेल्या. नंतर इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे काय लिहिलं होतं माहितीय? 'हरकतदार अनुपस्थित'. मला अजून त्याचा राग येतो.

वेगळी वेळ दिली की काम नीट होतं हे मी मान्य करतो. आमच्या कलमांच्या बागेतून रस्ता दाखवला होता, साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, मी बोट ठेवून गडगा (दगडी कुंपण) कुठे, विहीर कुठे ते दाखवलं, दहा मिनिटांत मुद्दा समजला, हॉलमधल्या गोंगाटात हे जमलंच नसतं. पण रस्ता आमच्याकडून सरकवायचा म्हणजे तो शेजाऱ्याच्या आवाठातून (घराभोवतीच्या जागेतून) जाणार, आणि शेजारी तिथे नव्हताच, कारण मूळ नकाशात त्याच्या जागेवर काहीच नव्हतं मग तो हरकत कशाला देईल? बंद दाराआड माझं भलं झालं आणि त्याला पत्ताच नाही, हे मला स्वतःला बरं वाटलं नाही. त्यात कोकणातला सातबारा, एकेका उताऱ्यावर तीस-तीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, आणि नोटीस मात्र ज्याने सही केली त्या एकालाच.

म्हणून माझं मत विचाराल तर खाजगी जमिनीच्या हरकतींना वाडीप्रमाणे दिवस आणि वेळ द्या पण दार उघडं ठेवा, ज्याला बसून ऐकायचंय त्याला बसू द्या, आणि रस्ता कुठे सरकतोय असं दिसलं तर त्या बाजूच्या लोकांना त्याच दिवशी निरोप धाडा. किनारा, होड्या ओढायची जागा, पाखाडी (दगडी पायवाट), स्मशान, हे सगळ्यांचं, त्याला अर्धा दिवस खुली सभा, टोकनवर, आणि आधी ज्यांची लेखी हरकत आहे ते बोलतील, पुढारी शेवटी.

तारीख शनिवारची घ्या, चाकरमानी शुक्रवारी रात्री गाडीत बसून येऊ शकतात. आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसात आणि भाताच्या लावणीत नको. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात वेळ असतो, त्यातले जूनचे पहिले दिवस मला सोयीचे वाटतात.

पर्यावरणाच्या सुनावणीत शेवटी कामकाज स्थानिक भाषेत वाचून दाखवावंच लागतं. इथेही तेच करा, प्रत्येकाचं म्हणणं लिहून त्याच्यासमोर वाचा, मग सही घ्या, कॉपी हातात द्या. आणि टोकन देताना परतीची गाडी कितीची ते विचारून टोकनवरच लिहा, साडेचारवाल्यांना आधी घ्या.