शाईच्या डागांवरून सायकोसिस ओळखताना: रोर्शाकचा काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात मी रोर्शाकची, म्हणजे शाईच्या डागांत काय दिसतं हे विचारणाऱ्या चाचणीची, दहा कार्डं गेले काही महिने मुख्यतः एका प्रश्नासाठी वापरते आहे: पेशंटचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) हा स्किझोफ्रेनिया आहे की मेनिया, म्हणजे मन बेफाम चढण्याचा आजार? पहिल्या झटक्यात दोन्हीकडे झोप उडालेली असते, संशय असतो, कानात आवाज असतात. घरची माणसं नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेली असतात आणि आजार नेमका कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही. लिथियमचा (मेनियावरच्या औषधाचा) विचार करायचा की नाही, हे पुष्कळदा या उत्तरावर ठरतं.

कार्डं १९२१ मधली. माझा भर मात्र जॉन्स्टन आणि होल्झमन यांच्या १९७९ च्या थॉट डिसऑर्डर इंडेक्सवर, म्हणजे उत्तरांतून विचारांतला बिघाड मोजण्याच्या पद्धतीवर आहे. काय दिसलं यापेक्षा ते कसं जुळवलं, याला त्यात महत्त्व. विचारांतल्या बिघाडाला ०.२५ पासून १ पर्यंत वजन दिलेलं असतं. मेनियातला पेशंट धडाधड जोडत सुटतो: अस्वलं, त्यांची मिरवणूक, वर फटाके, खाली बँड. सगळं हसतखेळत, आणि अस्वल अस्वलच राहतं. स्किझोफ्रेनियात दोन गोष्टी एकमेकींत विरघळतात. रंग हिरवा म्हणून गवत, आकार अस्वलाचा, म्हणून ‘गवत-अस्वल’. हे शिकवण्यातलं जुनं उदाहरण. अशा उत्तराला पूर्ण १. हा फरक प्रत्यक्ष ऐकू येतो तेव्हा चाचणीचे कष्ट वसूल होतात. स्किझोअफेक्टिव्हमध्ये (दोन्ही आजारांची लक्षणं एकत्र असतात तेव्हा) मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि तिथे मी ठाम काही लिहीत नाही.

कोल्हापुरात एक भान फार लागतं. लाल डागात कुणाला जोतिबाचा गुलाल दिसला किंवा अंबाबाई दिसली, तर त्यात आजार काही नाही. आकार डागाशी जुळतो का, एवढंच बघायचं. परदेशी तक्ते डोळे झाकून लावले तर भाविक माणूसही पानावर आजारी दिसेल. म्हणून उत्तर मी त्याच्याच बोलीत शब्दन् शब्द उतरवते. ‘दिसतंय’ आणि ‘हाय’ यांतला फरकसुद्धा.

टीएटीचा, म्हणजे चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावणाऱ्या चाचणीचा, या निदानासाठी मला फारसा उपयोग झाला नाही. गोष्टींतून अपराधीपणा, घरातले ताण कळतात, पुढच्या समुपदेशनाला ते कामी येतात, पण सायकोसिसचा प्रकार त्यावरून ठरत नाही. गांजामुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे झालेला सायकोसिस तर रोर्शाकवरूनही ओळखता येत नाही. त्यासाठी लघवीची, रक्ताची तपासणी, गरज पडल्यास स्कॅन, आणि घरच्यांशी सविस्तर बोलणं.

‘शाई बघून काय कळणार ओ बाई?’ असं एका पेशंटच्या आईनं विचारलं होतं. मी सांगितलं, एकट्या शाईवरून काहीच ठरवणार नाही, मावशी. माझ्या रिपोर्टात निदानाचा शिक्का नसतो, ‘विचारप्रक्रिया अमुक दिशेची’ एवढंच असतं.

वेळ पुष्कळ जातो. गोळ्यांच्या गुंगीतला पेशंट मोजकीच उत्तरं देतो, आणि रोर्शाकची उत्तरं तपासण्याच्या एक्स्नरच्या पद्धतीत १४ पेक्षा कमी उत्तरं ग्राह्य धरत नाहीत. म्हणून खवळलेल्या किंवा पेंगणाऱ्या माणसापुढे मी कार्डं ठेवतच नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार, झोप, आणि तो बसून बोलायला लागला की मग पहिलं कार्ड.