एफ-वन बघू की इंडीकार?

एफ-वन म्हणजे फॉर्म्युला वन, जगभर फिरणारी मोटार शर्यतींची मालिका. इंडीकार ही तशीच अमेरिकेतली. भाचा यंदा नोकरीला लागला. सुट्टी रविवारची एकच, तीही अर्धी धुण्या-इस्त्रीत जाते. त्याचा फोन आला, "मामा, दोन्हींचा पाठपुरावा नाही जमायचा. एक काहीतरी सांग." मी त्याला उलट विचारलं, "तुला गाडी बघायचीय की ड्रायव्हर?" प्रश्न टाकून मोकळा झालो खरा, पण नंतर लक्षात आलं की तो वाटतो तितका सरळ नाही.

आधी नियम. एफ-वनमध्ये प्रत्येक टीम आपली गाडी स्वतः घडवते. नियमांच्या पुस्तकातली फट शोधणं हा तिथला अर्धा खेळ. 2026 पासून तर पाटीच पुसली आहे. 2011 पासून चालत आलेलं डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय, गेलं, सरळ रस्त्यावर पुढचे-मागचे दोन्ही पंख (हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारे) आडवे होणाऱ्या गाड्या आल्या आणि जवळजवळ निम्मी ताकद विजेची झाली. इंडीकारमध्ये चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळ्यांना एकच, इटलीच्या डालाराची, 2012 पासून डागडुजी करत वापरलेली. इंजिन होंडाचं नाहीतर शेवरोलेचं. टीमला हात चालवायला जागा उरते ती मुख्यतः शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सेटअपमध्ये, म्हणजे गाडीच्या बारीक जुळणीत.

वेगाचा वाद घालण्यात अर्थ नाही. 2019 मध्ये दोन्ही मालिका अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या एकाच ट्रॅकवर धावल्या. एफ-वनचा पोल लॅप, म्हणजे पात्रता फेरीतला सगळ्यात वेगवान फेरा, 1 मिनिट 32 सेकंदांचा, इंडीकारचा 1 मिनिट 46. जिथे हजारांश सेकंदावरून रात्रभर भांडणं होतात, तिथे चौदा सेकंद!

"मग इंडीकारमध्ये ड्रायव्हरचा खरा कस लागतो, कारण गाडी सारखी," असं हमखास ऐकू येतं. मलाही वाटायचं. एकदा भाड्याच्या कार्ट, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाड्या, चालवायला गेलो होतो. पावती देणारा म्हणाला, सगळ्या सेम आहेत. पण नेहमी येणारी पोरं हेल्मेट अडकवायच्या आधीच सात नंबरकडे पळत सुटली. मला मिळाली ती डावीकडे ओढणारी. सारखी गाडी ही कागदावरची गोष्ट. तिला ट्रॅकवर कोण कशी बसवतं, तिथे फरक पडतोच.

अ‍ॅलेक्स पालो या इंडीकार ड्रायव्हरचंच बघा ना. सगळ्यांना एकच चॅसिस, तरी 2025 मध्ये 17 पैकी 8 शर्यती त्याच्या, इंडी 500 या इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या मानाच्या शर्यतीसकट. 2021, 2023, 2024, 2025 अशी चार विजेतेपदं. त्यामुळे "एफ-वन कंटाळवाणं, तिथे एकच जिंकतो" हा टोमणा मारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. 2023 मध्ये रेड बुल टीमनं 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या, तो प्रकार कंटाळवाणा होताच, मी स्वतः दोन शर्यतींत डुलक्या काढल्या. पण पुढच्याच वर्षी सात वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले, आणि 2025 चं विजेतेपद नॉरिसनं व्हर्स्टॅपनला अवघ्या दोन गुणांनी मागे टाकून घेतलं.

ड्रायव्हर जोखायचा तर एफ-वनमध्ये मापदंड एकच, टीममेट. 2024 ला रेड बुलच्या व्हर्स्टॅपनचे 437 गुण, त्याच टीममध्ये पेरेझचे 152. ही दरी गाडीच्या माथी मारता येत नाही. मात्र पेरेझची तुलना दुसऱ्या टीममधल्या कुणाशी करायला गेलात की संपलं, सगळा अंदाजपंचे. मार्कस एरिक्सन एफ-वनमध्ये 97 शर्यती धावला, एकदाही पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, नाही. त्यानं 2022 ची इंडी 500 जिंकली. आणि दोनदा जगज्जेता झालेला अलोन्सो 2019 मध्ये त्याच इंडीच्या पात्रता फेरीत बाहेर पडला. मग यातला चांगला कोण? या वादावर आमच्या ग्रुपवर दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलंय.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. इंडीकारला पॉवर स्टिअरिंग नाही. खडबडीत शहरी रस्त्यांवर स्टिअरिंग हातांना झटके देत राहतं. गाडीतून उतरल्यावर कुणी मनगट चोळताना दिसला तर ते उगाच नसतं.

प्रत्यक्ष झुंज हवी तर माझं मत इंडीकारला. 2024 च्या एफ-वनच्या मोनाको शर्यतीत पहिले दहा जण ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पोचले, दोन तास नुसती मिरवणूक. त्याच रविवारी इंडी 500 होती. पावसानं ती चारेक तास लांबली आणि आमच्याकडे पहाट झाली. शेवटच्या लॅपमध्ये न्यूगार्डननं पुढे असलेल्या ओवॉर्डला बाहेरून मागे टाकलं. जिंकणाऱ्यानं तिथे दूध प्यायची रीत आहे, त्यानं बाटली तोंडाला लावली आणि इकडे दारात दूधवाल्याची बेल वाजली. बायको उठून आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पातेलं घेऊन गेली.

तेव्हा हिशेब असा. गाडीच्या पोटात काय चाललंय याची उत्सुकता असेल, फ्लोअर (गाडीचा तळ), पंख, बॅटरी यांवर डोकं खाजवायला आवडत असेल, तर एफ-वन. 2026 पासून सगळे पुन्हा शिकाऊ झालेत, त्यामुळे नवख्याला सुरुवात करायला वेळही बरी. शिवाय युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुधा संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, जेवणाआधी आटोपते. नुसत्या ओव्हरटेकवर जीव असेल आणि जागरण झेपत असेल, तर इंडीकार. भाच्याला एफ-वन सुचवलं, कारण तो इंजिनिअर आहे आणि सकाळी त्याला उठवत नाही.

इंडी 500 मात्र सोडायची नाही, ही अट घातली आहे. आपल्याकडे रात्री सव्वादहाच्या सुमारास सुरू होते. सोमवारची रजा मी टाकतो, त्याचं त्यानं बघावं.