एनएफसी व्हिजिटिंग कार्ड: पैसे वसूल होतात का? एका बॉक्सवाल्याचा रिव्ह्यू

माझा धंदा कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या बॉक्सचा, भोसरी एमआयडीसीत, आणि ऑर्डरी येतात त्या बहुतेक ओळखीतनंच, त्यामुळे चेंबरचे कार्यक्रम म्हणा, उद्योजकांच्या मीट म्हणा, मोशीची एक्झिबिशन्स म्हणा, जावंच लागतं. तिथं हल्ली बरेच जण कार्ड द्यायच्या ऐवजी "जरा फोन द्या" म्हणून त्याला एनएफसी कार्ड टक करून टेकवतात, म्हणजे आत चिप असलेलं कार्ड, फोनला टेकवलं की त्यातली लिंक फोनवर येते. म्हणून मीपण ऑनलाइन मागवलं, काळं मॅट, प्लॅस्टिकचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातल्या निम्म्या कटकटी सगळ्याच कार्डांच्या आहेत.

छपाई छान आहे, कोपरे अजून झिजले नाहीत. आत बॅटरी वगैरे काही नसते, छोटी चिप आणि कॉइल, समोरच्याच्या फोनमधनं मिळणाऱ्या पॉवरवर चालते. आयफोनला वरच्या टोकाशी टेकवायचं, अँड्रॉइडला साधारण पाठीच्या मध्ये. हे माहीत नसलं की दोन मोठी माणसं चहाच्या टेबलापाशी पाटी पुसल्यासारखी फोनवर कार्ड घासत उभी राहतात, आणि तोवर बोलायचं काय होतं तेच विसरायला होतं.

आता खरी अडचण. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी नसतंच, असलं तरी बंद असतं. आयफोनमध्ये एक्सआर, एक्सएसपासून पुढे, म्हणजे 2018 पासूनच्या मॉडेलांत, स्क्रीन चालू असली की आपोआप वाचलं जातं. आणि आपल्याकडं बॉक्सची ऑर्डर ज्याच्या हातात असते तो परचेसवाला किंवा स्टोअरवाला काय दरवेळी आयफोन घेऊन फिरत नाही. म्हणून मागे क्यूआर छापलेला नसेल तर हे कार्ड घेऊच नका.

दुसरं म्हणजे कार्ड टेकवल्यावर कार्डवाल्या कंपनीनं दिलेलं माझं एक प्रोफाइल पेज उघडतं, फोटो, पत्ता, सगळ्या लिंक, झकास दिसतं, पण माणूस "वा वा" म्हणून बंद करतो, संपलं. माझा नंबर त्याच्याकडं, त्याचा माझ्याकडं नाहीच. अहो फॉलोअप मला करायचाय ना! पेजवर "तुमची माहिती भरा" असा फॉर्म असतो, तो गर्दीत कोण भरतंय. वर "किती लोकांनी पेज बघितलं" हे दाखवायला वर्षाचे वेगळे पैसे, ते मी भरले नाहीत.

मी काय केलं, एनएफसी टूल्स नावाचं फुकट ॲप आहे, त्यातनं कार्डावरची लिंक बदलून सरळ व्हॉट्सॲपची टाकली, आधीच लिहिलेल्या मेसेजसकट. आता टेकवलं की त्याच्याच फोनवर व्हॉट्सॲप उघडतं, "नमस्कार, आज भेटलो" एवढं तयार असतं, तो फक्त सेंड दाबतो आणि नंबर माझ्याकडं. तिथंच उभ्याउभ्या त्याला काय हवंय ते मी रिप्लायमध्ये टाकतो: "5 प्लाय (पाच थरांचा बॉक्स), एक्सपोर्ट, सॅम्पल पाहिजे". संध्याकाळी घरी येऊन कोण काय बोललं ते आठवत बसायला लागत नाही. माझ्या मते कार्डाचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि कंपनी तो सांगत नाही. मेसेज मात्र इंग्रजी अक्षरात ठेवा, कारण लिंकमध्ये एका मराठी अक्षराची नऊ कॅरेक्टर होतात आणि साध्या चिपमध्ये जागाच 144 बाइट. काम झालं की चिप लॉक करा, नाहीतर दुसरं कोणीही लिंक बदलू शकतं, फक्त साधं लॉक एकदा केलं की परत उघडत नाही, तेव्हा नंबर दोनदा तपासून मगच.

घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, चिप लॉक करून पाठवता का? हो म्हणाला तर सोडून द्या, कारण मग आपल्याला लिंक बदलता येत नाही.

मेटलचं कार्ड वजनदार, भारी वाटतं, पण धातूमुळं सिग्नल अडतो, बरीचशी एकाच बाजूनं चालतात. हौस असेल तर घ्या.

कागदी कार्डं मी बंद केलेली नाहीत. जुने शेटजी कार्डाच्या मागे पेनानं साइज लिहून घेतात, स्टोअरवाला कोटेशनला स्टेपल करतो, प्लॅस्टिकच्या कार्डाला तो स्टेपल कुठं मारणार?

पाचात तीन स्टार. प्रोफाइल पेजसाठी घेत असाल तर एकच.