सतराव्या शतकातलं पहिलं युरोपीय नाणं: डच सिंह, स्पॅनिश आठ रेआल की पोलंडची चिल्लर?

एक मोठं चांदीचं नाणं घ्यावं, की तेवढ्याच पैशात दहा-पंधरा लहान नाणी? सतराव्या शतकातली युरोपीय नाणी जमवायला निघालेल्या माणसाला हे आधी ठरवावं लागतं. मोठ्या नाण्यांत सहज मिळणारी दोन: नेदरलँड्सचा सिंहछाप लेवेनडालडर आणि स्पेनच्या राजाचं आठ रेआलचं ओबडधोबड नाणं, म्हणजे कॉब. लहानांत पोलंडचा पूवतोराक. आमचा कल आधीच सांगतो: ज्याच्यावरचं साल आणि टांकसाळ तुम्हाला स्वतःला वाचता येते, ते नाणं आधी घ्यावं. जे वाचता येत नाही त्याच्याबद्दल विक्रेता सांगेल ते मानावं लागतं.

लेवेनडालडर १५७५ मध्ये हॉलंड प्रांतात सुरू झाला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाडला जात होता. ठरलेलं वजन सुमारे २७.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास. चांदी मात्र शेकडा ७५ टक्केच, म्हणजे त्या काळच्या इतर डच डालरांपेक्षा कमी कसाची. व्यापारी हे नाणं मायदेशी ठेवण्यापेक्षा तुर्की साम्राज्याच्या बंदरांत खपवत. एका बाजूला ढालीमागे उभा सरदार, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. सिंहाभोवती लॅटिन लेख असतो: देवावर भरवसा ठेवणारा डळमळत नाही. साल बहुधा या लेखाच्या शेवटी असतं आणि प्रांताचं नाव सरदाराच्या बाजूच्या लेखात. इथे नवखे हमखास फसतात ते उट्रेख्ट आणि ओव्हरआयसल या दोन प्रांतांत, कारण दोन्हींची लॅटिन नावं ‘ट्रा’नेच सुरू होतात. पुढे ‘न्सि’ वाचता आलं तर ओव्हरआयसल.

या नाण्याची मोठी अडचण म्हणजे कच्चा ठसा. चकती रुंद आणि पातळ, काम घाईचं. त्यामुळे सरदाराची छाती आणि मागच्या बाजूवरच्या सिंहाचं अंग बऱ्याचदा सपाट दिसतं. पुष्कळ जण याला झीज समजून चांगलं नाणं सोडून देतात. फरक ओळखायला नाणं दिव्याखाली तिरकं धरा. कडेची अक्षरं टोकदार आहेत, सिंहाच्या पंजांची नखं दिसतात आणि फक्त मधला भाग सपाट आहे, तर ठसा कच्चा. अक्षरांच्याही कडा गोलसर झाल्या असतील तर ती झीज, आणि तिथे किंमत उतरलीच पाहिजे. वजन २६ ग्रॅमच्या खाली गेलं असेल तर कड कातरलेली आहे का बघा. लेखातल्या अक्षरांची डोकी एकाच बाजूला उडालेली असली तर समजून जा.

आठ रेआलचं ठरलेलं वजन २७.४७ ग्रॅम आणि चांदी सुमारे ९३ टक्के. धातूच्या हिशोबाने हे सरस. पण कॉब म्हणजे चांदीच्या पट्टीतून तोडलेला तुकडा. वजन जुळेपर्यंत कातरायचा आणि हातोड्याने ठोकायचा. कड वेडीवाकडी असणं हा इथे दोष नाहीच. अडचण अशी, की लेख आणि साल बहुतेक वेळा चकतीच्या बाहेरच पडलेलं असतं. मेक्सिकोच्या कॉबवर सालाचा एखादा आकडा दिसला तरी नशीब. टांकसाळीची खूण आणि पारख्याचं, म्हणजे चांदीचा कस तपासणाऱ्याचं, अक्षर ढालीच्या शेजारी शोधावं लागतं.

कॉबच घ्यायचा असेल तर बोलिव्हियातल्या पोतोसी टांकसाळीचा १६५२ नंतरचा बघा. १६४९ मध्ये तिथल्या नाण्यांतली चांदी कमी भरत असल्याचं प्रकरण फुटलं. टांकसाळीशी संबंधित गोमेझ दे ला रोचा आणि पारखी रामिरेझ दे आरेयानो यांना त्यात देहदंड झाला. आधीच्या नाण्यांवर मुकुटाचे उपठसे मारून त्यांची किंमत उतरवली गेली. त्यानंतर आलेल्या नव्या छापात दोन खांब आणि समुद्राच्या लाटा आहेत. टांकसाळीची खूण, पारख्याचं अक्षर आणि साल त्यात मुद्दाम एकाहून अधिक जागी घातलेलं आहे, त्यामुळे कितीही वाकडं ठोकलं तरी एक जागा तरी सहसा वाचते. अमेरिकेत पाडलेलं नाणं युरोपीय म्हणून संग्रहात नको असेल तर सेविल आणि सेगोव्हियाची नाणी आहेत. सेगोव्हियात पाणचक्कीवरच्या रुळांतून काढलेली नाणी सुबक गोल येतात आणि महागही पडतात.

बुडालेल्या जहाजांतल्या कॉबचं वेगळं आहे. फ्लोरिडाजवळ १६२२ मध्ये बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजाचा खजिना १९८५ मध्ये वर काढला गेला. त्यातल्या नाण्यांची किंमत चांदीइतकीच सोबतच्या प्रमाणपत्रावर ठरते. प्रमाणपत्र नसेल तर ‘जहाजातलं’ या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. खारं पाणी चांदी खातं. असं नाणं २० ग्रॅमचं भरलं तरी अस्सल असू शकतं. त्यामुळे वजनाची कसोटीच हातातून जाते, आणि पहिल्या खरेदीला ते परवडत नाही.

आता चिल्लर. तिसऱ्या सिगिस्मुंड राजाचा पूवतोराक १६१४ ते १६२७ पर्यंत पाडला गेला. दीड ग्रॉशचं, जेमतेम १९-२० मिलिमीटरचं हलकं नाणं. मागच्या बाजूच्या गोलात २४ आकडा असतो. ते साल नाही. एका थालरला, म्हणजे त्या काळच्या मोठ्या चांदीच्या नाण्याला, चोवीस नाणी, असा तो हिशोब. साल गोलावरच्या क्रुसाच्या दोन्ही बाजूंना दोन आकड्यांत फोडलेलं असतं: डावीकडे २, उजवीकडे २, म्हणजे १६२२. सालवार ओळ लावायला याच्यासारखं नाणं नाही, आणि वजन वर्षागणिक कसं घसरत गेलं ते तुमच्याच काट्यावर दिसतं. रीगाचे इवलेसे सॉलिडसही स्वस्त आहेत. त्यांच्या नकला मोल्दाव्हियात सुचावा इथे (आजच्या रोमानियात) सतराव्या शतकातच ढिगाने झाल्या, आणि या जुन्या नकला आज मुद्दाम जमवल्या जातात.

सोन्याकडे मन ओढत असेल, तर आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ असलेलं व्हेनिसचं झेक्किनो आहे: सुमारे साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यावर साल नसतं. डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या, नावावरून काळ ठरतो. भारतात सोनारांनी त्याच्या इतक्या नकला केल्या, की अक्षरं अर्थहीन रेघोट्यांसारखी दिसली तर ते इथलंच समजावं. कडी लावल्याची झाळ तर हमखास सापडते. पहिली खरेदी म्हणून नको.

मोठं चांदीचं नाणं घरी तपासायला ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवा आणि नवा आकडा वाचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. लेवेनडालडरचं उत्तर १०च्या जवळ, चांगल्या कॉबचं १०.३च्या जवळ यायला हवं. २७.२ ग्रॅमच्या सिंहाला पाण्यात साधारण २.७ दिसेल. उत्तर ९च्या खाली गेलं तर तांबं, पितळ किंवा पोकळ ओतकाम. पण आधी नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून पुन्हा मोजा, कारण तेही उत्तर खाली ओढतात. झेक्किनोला ही कसोटी घरच्या काट्यावर लावू नका. पाण्यातला आकडा ०.१८च्या आसपास असतो आणि काट्याची एका अंकाची चूकही निकाल फिरवते.

चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही नाण्याला लावू नये. डिस्टिल्ड वॉटर, फार तर अ‍ॅसिटोन. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून दमट हवेत हिरवा चिकटा सुटतो. कोकणात आणि मुंबईत तर एका पावसाळ्यात. पॉलिएस्टरची पाकिटं आणि सोबत सिलिका जेल ठेवा.

इतरांना ओळख पटवायला नाणं दाखवणार असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास आणि दोन ठशांचा आपसातला कोन (एक बाजू सरळ धरली तर दुसरी किती फिरलेली आहे) द्या. प्रकाश एकाच बाजूने, थोडा वरून, फ्लॅश नको. नुमिस्ता या नाण्यांच्या ऑनलाइन सूचीवर नोंद करताना वाचता आलेली अक्षरंच लिहा, अंदाजाने भरलेली कंसात टाका.

अदलाबदलीआधी कायदा बघा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं, परदेशी असलं तरी, पुरावस्तूच ठरतं आणि खाजगी माणसाला ते भारताबाहेर पाठवता येत नाही. नेदरलँड्समधल्या भाच्याने पाठवलेला लेवेनडालडर आवडला नाही म्हणून परत करायला टपालात टाकता येणार नाही. म्हणून परदेशातून मागवायचं असेल तर आधी पूवतोराकच. फसला तरी तो इथल्याच एखाद्या संग्राहकाला देता येतो.