४८ लिटर द्रावण, १८० पोती चुना आणि गेलेले साडेतीन लाख

काळ्या मातीवर केमिकल मारून पक्का रस्ता देतो, असं सांगत कुणी आलं तर आधी हे वाचा. मराठवाड्यातल्या आमच्या प्लॉटिंगमधला अंतर्गत रस्ता, ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. डांबराखालचा २०० मिमीचा थर स्थिर करायचा होता. अंदाजपत्रक ४,१२,८०० रुपयांचं: केमिकलचं द्रावण ४८ लिटर, १,८०,०००, चुना १४.४ टन, १,३६,८००. मिसळणी, पाणी, रोलर ९६,०००. त्यातले ३,५०,००० देऊन बसलो. पहिल्याच पावसात थर फुगला आणि ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून वर आला.

पाण्याच्या ग्लासात मातीचे दोन गोळे टाकून दाखवतात, साधा विरघळतो, केमिकलचा टिकतो. त्याला आम्ही भुललो नव्हतो. लेखी रिपोर्ट मागितला होता. शिक्क्यासह आला: सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद, २२. आणि त्याच ओळीत, दोन रकाने सोडून, पीआय, म्हणजे मातीच्या चिकणपणाचा आकडा, ९. नऊ! आमच्या मातीचा पीआय ३४, फ्री स्वेल, म्हणजे पाण्यात फुगणं, ७० टक्के, हे आकडे आमच्याच फायलीत पडलेले. पीआय ९ ची माती मुरमाड असते, थोडं सिमेंट घातलं तरी उभी राहते. वर 'अनसोक्ड', म्हणजे न भिजवता तपासलेलं, असंही छापलेलं. काळी माती कोरडी असताना दगडासारखी लागते, चार दिवस भिजवली की सीबीआर दोन-तीनवर येतो. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी नजर २२ वर थांबली. पावसाळा तोंडावर होता, आणि भाव मुरूम-खडीपेक्षा स्वस्त नव्हता, म्हणून संशय आला नाही. तो कागद आजही पाहवत नाही.

चुन्याचं गणित तर तिथल्या तिथे करता आलं असतं. २४० घनमीटर थर, कोरडी घनता १.५, म्हणजे ३६० टन माती. ४ टक्क्यांनी १४.४ टन, २० किलोची ७२० पोती. उतरली १८०. एक टक्का! "द्रावण असलं की चुना कमी लागतो," ठेकेदार म्हणाला, आणि रोटाव्हेटर सुरू केला. पोती मशीन फिरायच्या आधी मोजा, रिकामी पोती स्वतःकडे ठेवा. उघड्यावर पडलेला जुना चुना घेऊ नका, हवा लागून त्याचा खडू होतो. मिसळल्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा, चुना असेल तिथे ते गुलाबी होतं; आमच्या थरात पट्ट्यापट्ट्यांनीच गुलाबी रंग आला. पण रंग आला म्हणजे चुना पोचला एवढंच, पुरेसा पडला असं नाही. चिकट मातीत चुना घालून एक दिवस मुरू द्यावा लागतो, मग पुन्हा फोडून दाबायची. इथे त्याच संध्याकाळी रोलर फिरवला. सिमेंट मात्र उलट, दोन तासांत दाबून झालंच पाहिजे. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याला उभं करू नका.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. "ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." रस्ता फुगण्यात गुन्हा काय, असंही वर ऐकवलं. अहो, दुसऱ्याच मातीचा रिपोर्ट दाखवून पैसे उकळले, हा गुन्हा नाही? प्रयोगशाळेत गेलो तर, "पार्टीने आणलेला नमुना तपासला, माती कुठली ते आमचं काम नाही." रिपोर्टवर तळाला बारीक अक्षरात तसं छापलंय. म्हणून नमुना स्वतः खणा, पिशवीला स्वतः सील लावा, स्वतः नेऊन द्या. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर प्लॉटिंग हा शब्द ऐकताच "व्यावसायिक कारण" म्हणून अर्ज परत सरकवला. रस्ता राहणाऱ्यांचा आहे, हे ऐकून घ्यायलाही कुणी तयार नाही!

आता त्या ठेकेदाराचीच नोटीस आली आहे, उरलेल्या ६२,८०० रुपयांसाठी. एक पैसा देणार नाही. थराचे चार ठिकाणचे नमुने पंचांसमक्ष काढून सील केलेत.