खेळायला मळलेली कणीक की दुकानातला क्ले?

तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज खेळायला द्यायचं असेल, तर घरचं पीठ बरं. खर्च दहा-पंधरा रुपयांत आटोपतो.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, एका लिंबाचा रस. सगळं गुठळ्या मोडून कालवा आणि कढईत मंद आचेवर सराट्याने हलवत राहा. तीन-चार मिनिटांत गोळा कडा सोडतो. कोमट झाल्यावर मळा. न शिजवलेलं पीठ लवकर चिकट होतं, म्हणून हा टप्पा टाळू नका. रंगाला हळद चालते, पण ती कपड्यांवरून निघत नाही!

नागपूरच्या मे महिन्यात हा गोळा उघडा राहिला की भेगाळतो. ओला हात फिरवून परत मळायचा. पावसाळ्यात उलट होतं: मीठ हवेतली ओल ओढतं, गोळा पाझरतो. थोडा मैदा मिसळा, घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी दिसली की फेकाच.

दुकानातला मेणाचा क्ले वाळत नाही, महिनोन्‌महिने टिकतो. पण डिसेंबरच्या थंडीत लहान बोटांना दबत नाही, उन्हाळ्यात लिबलिबीत होऊन भिंतीवर तेलकट डाग पाडतो. घेताना आयएसआय चिन्ह बघा. खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर दोन्ही नको. घरच्या गोळ्यातलं मीठ जास्त पोटात गेलं तर धोक्याचं असतं. त्याला पोळीची साधी कणीक द्या, तीही समोर बसून.